कागदाच्या कोपऱ्यावरचा पत्ता

परवा आमच्या वसईतल्या पापडी गावच्या बाजारात एका बाईकडून पाव किलो वालाच्या शेंगा घेतल्या. तिनं त्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. घरी आले, शेंगा ओट्यावर ओतल्या आणि रिकामा कागद हातात धरून त्याचे चारही कोपरे बघत उभी राहिले. सून म्हणाली, आई, जुना पेपर आहे तो, त्यात काय शोधताय? म्हटलं, काही नाही गं, सवय. आणि खोटं कशाला बोलू, सवयच आहे. रेजिना टीचरना जाऊन दोन वर्षं होत आली, तरी वर्तमानपत्राचा तुकडा हातात आला की माझी नजर बातमीवर जात नाही, कोपऱ्यावर जाते. तिथं पेन्सिलीनं काही लिहिलंय का, ते बघते. काही नसतं. कसं असणार? पण बघितल्याशिवाय कागद हातातून सुटत नाही.

रेजिना टीचर आमच्या गल्लीच्या टोकाला, चर्चच्या मागच्या वाटेवर राहायच्या. जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला. लग्न केलं नाही. आईवडील गेले, पाठचा भाऊ गेला, भावाची मुलगी मोनिका लग्न करून एव्हरशाईन सिटीत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली, आणि त्या कौलारू घरात टीचर आणि तीन लोखंडी कपाटं एवढीच माणसं उरली. कपाटांना मी माणसं म्हणते, कारण टीचर त्यांच्याशी बोलायच्या. त्या कपाटांत सुकवलेली झाडं होती. म्हणजे अख्खी झाडं नव्हेत, फांदी, पान, फूल, शेंग, जाड कागदावर लावलेली, खाली उजव्या हाताला चिठ्ठी. आणि सगळी एकाच घराण्यातली. ज्यांना शेंग येते ती. पुस्तकात त्याला शिंबावंत कुल म्हणतात, हे मला त्यांनीच शिकवलं. गावात कोणी शिंबावंत वगैरे म्हणत नसे. गावात त्यांना शेंगा टीचर म्हणत.

त्यांना त्याचं काही वाटत नसे. नाक्यावरचा एखादा टगा हाक मारी, "काय टीचर, शेंगा मोजून झाल्या का?" तर त्या पाय न थांबवता म्हणत, "सगळ्या झाल्या. तुझ्या डोक्यातली तेवढी राहिली, पोकळ आहे, म्हणून मागे ठेवलीय." तो टगा त्यांचाच विद्यार्थी असायचा. गावात चाळिशीच्या पुढचा जो कोणी दिसेल, तो त्यांचाच विद्यार्थी.

दिसायला एवढ्याशा. सुती साडी, पायात मुलांचे असतात तसले कॅनव्हासचे बूट, आणि गळ्यात दोन गोष्टी, रोझरीची माळ आणि काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग. दोन्हींचा गुंता व्हायचा. चर्चमध्ये मिस्सेला गेल्या की माळेसाठी हात घालायच्या आणि भिंग बाहेर यायचं. शेंग हातात आली की आधी कानाशी नेऊन हलवायच्या, मग नखानं शिवणीवर दाबायच्या. ती एका बाजूनं उकलते की दोन्ही, तडकते की नुसती गळून पडते, हे बघितल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. लग्नाच्या पंगतीत त्यांना मी वालाच्या भाजीतली शेंग ताटात उलगडून बघताना पाहिलंय. शेजारची बाई म्हणाली, टीचर, अळी आहे का? टीचर म्हणाल्या, नाही, आत चार दाणे आणि एकाची जागा रिकामी. उपवर झाला नाही बिचारा.

आता माझी आणि त्यांची गाठ कशी पडली ते सांगते. मी सातवीपर्यंत शिकलेली, वाडीवाल्या घरातली सून. मालक लवकर गेले, वाडीत केळी आणि फुलं होती, पण घर चाललं ते शिवणावर. ब्लाउज शिवायचे, गोधड्या शिवायचे. एके दिवशी टीचर दारात आल्या, काखेत पुठ्ठ्याचं बाड. म्हणाल्या, "पुष्पा, तू गोधडी शिवतेस ना? मग हे शिव." उघडलं तर वाळकी फांदी. मला वाटलं, म्हातारपणी डोकं फिरलं. मग त्यांनी समजावलं. आजवर त्या फांद्या खळीनं चिकटवायच्या. पण आमच्याकडची हवा कशी, समुद्राची, पावसाळ्यात मीठसुद्धा भांड्यात रडतं. खळ सुटायची, झुरळं खायची. म्हणून झाड कागदाला टाक्यानं धरायचं. आणि त्यांचे हात आता कापायला लागले होते.

शिकायला मला महिना लागला. सुई देठाच्या अलीकडून खाली, पलीकडून वर, गाठ मागच्या बाजूला, गाठीवर कागदाची चकती. दोन टाक्यांत अंतर किती, ते झाडाला विचारायचं. "टाका दिसला तरी चालेल," त्या म्हणायच्या, "झाड ओढलं जाता कामा नये." ब्लाउजच्या गिऱ्हाइकांनी मला कधी इतकं बजावलं नव्हतं. दुपारी जेवणं आटोपली की मी त्यांच्याकडे जायचे. डांबरगोळ्यांचा वास, खिडकीत मांजर, त्या भिंग लावून वाचतायत आणि मी शिवतेय. वर्षांमागून वर्षं अशी गेली. त्या दुपारी काय शिकले म्हणून विचाराल, तर जग शिकले. चिंच आपली नाही, आफ्रिकेची. विलायती चिंच मेक्सिकोची. चर्चसमोरचं ते थोरलं पर्जन्यवृक्षाचं झाड, संध्याकाळी पानं मिटून झोपतं ते, दक्षिण अमेरिकेचं. सागरगोटा समुद्रात पडला तर महिनोन् महिने तरंगतो, भिजत नाही, मरत नाही, किनारा लागला की रुजतो. कोण कुठून आलं आणि कुठवर पसरलं, हे त्यांना नातेवाइकांसारखं पाठ. गल्लीत एकदा बाहेरून येऊन राहिलेल्या लोकांवर बायका तोंडसुख घेत होत्या. टीचर म्हणाल्या, "आमटीत चिंच घालताना तिला विचारता का गं, तू कुठली?"

दसऱ्याला तर त्यांची गंमत. स्वतः ख्रिस्ती, पण दसऱ्याच्या संध्याकाळी आमच्या आळीत त्या हजर. सोनं द्यायला नव्हे, तपासायला. ज्याच्या त्याच्या हातातलं पान घेऊन उजेडात धरायच्या. "हा आपटा नाही. हा कांचन. आपट्याचं पान लहान, रुंदीला जास्त, हाताला जाड लागतं. हे बघ किती मोठं आणि पातळ. तू सोनं म्हणून सोन्याचा चुलतभाऊ वाटतोयस." एकदा आमचे दशरथभाऊ चिडले. म्हणाले, "टीचर, तुमच्यात दसरा नाही, तुम्हाला कशाला पंचाईत?" त्या म्हणाल्या, "दसरा तुमचा, झाड सगळ्यांचं. वर्षातून एकदा त्याचं नाव घेता, तेवढं तरी बरोबर घ्या." दशरथभाऊंनी पुढच्या वर्षी खरा आपटा शोधून आणला आणि पहिलं पान टीचरना दिलं. ते पानही मी कागदावर शिवलंय. चिठ्ठीवर जागा लिहिलीय, दशरथ यांच्या हातातून, मूळ झाड तुंगारेश्वरच्या पायथ्याशी.

कारण जागेशिवाय त्या काही ठेवतच नसत. हे त्यांचं सगळ्यात मोठं वेड. "पुष्पा, नाव चुकलं तर शंभर वर्षांनी कोणी हुशार येईल आणि दुरुस्त करील. पत्ता हरवला तर कोणी काही करू शकत नाही. पत्ता नसलेलं झाड म्हणजे गवताची पेंढी."

म्हणून त्यांची एक रीत होती. झाड तोडलं की तिथंच, उभ्या जागी, वर्तमानपत्राच्या घडीत ठेवायचं आणि घडीच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं आकडा घालायचा. तोच आकडा खिशातल्या वहीत, आणि त्याच्यापुढे जागा, तारीख, शेजारी काय उगवलंय, माती कसली. मग त्या घड्या दोन लाकडी जाळ्यांमध्ये पट्ट्यानं आवळायच्या. वर्तमानपत्र ओल पितं, म्हणून रोज कागद बदलायचा. आणि बदलताना जुन्या कागदाचा आकडा असलेला कोपरा फाडून झाडाबरोबर नव्या घडीत ठेवायचा. झाड आणि कोपरा, यांची ताटातूट नाही. मी हे शेकडो वेळा केलं असेल. झोपेत सांगितलं असतंत तरी केलं असतं.

मध्यंतरी एक मोठी उलथापालथ झाली, ती सांगायलाच हवी. तीन कपाटं होती, कारण शेंगवाल्यांची घरं तीन, असं टीचर जन्मभर शिकवत आल्या होत्या. एक बाभूळ, लाजाळू यांचं. एक गुलमोहोर, चिंच, आपटा यांचं. आणि तिसरं, सगळ्यात मोठं, वाल, मूग, पांगारा, करंज यांचं, ज्यांची फुलं फुलपाखरासारखी. त्यांचा एक जुना विद्यार्थी, अजय, पुण्याला झाडांच्या मोठ्या संग्रहात नोकरीला. त्यानं कळवलं की आता जगातल्या शहाण्यांनी मिळून नवी मांडणी केलीय. घरं तीन नाहीत, सहा.

दोन दिवस टीचरनी कपाटं उघडलीच नाहीत. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं, म्हणाल्या, "चल, वाटण्या करायच्यात." आमच्या वाडीवाल्यांना वाटण्या काय असतात ते सांगायला नको. त्यांनी मला तसंच समजावलं. बाभळीची चूल मोडली आणि ती गुलमोहोराच्या घरात राहायला गेली. चिंचेनं त्याच घरातून निघून वेगळी चूल मांडली. आपटा आणि कांचन या चुलतभावांनी आपलं तिसरंच बिऱ्हाड केलं. फुलपाखरवाले तेवढे जागच्या जागी. आम्ही पंधरा दिवस फांद्या या कपाटातून त्या कपाटात नेत होतो. एवढ्या वयात जन्माचं शिकवलेलं मोडायचं म्हणजे दुःख होत असेल, म्हणून मी हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, झाडं तीच आहेत. आपण त्यांना चुकीच्या आडनावानं हाका मारत होतो. आता लाज वाटते, पण बरंही वाटतं."

पाचव्या घरात एकच फांदी होती, मलेशियाला गेलेल्या कोणा विद्यार्थ्यानं आणून दिलेली. आणि सहाव्या घरासाठी त्यांनी एक अख्खा कप्पा रिकामा केला. चिठ्ठी लावली आणि आत काहीच ठेवलं नाही. ते घर एकटीचं होतं. अख्ख्या जगात त्या घरात एकच जात, आफ्रिकेच्या पश्चिमेच्या जंगलात. चुलत नाही, मावस नाही, कोणी नाही. "पण घर आहे," टीचर म्हणाल्या. "एकटी आहे म्हणून तिला कोणाच्या पडवीत नाही टाकलं." एवढं बोलून त्या खिडकीकडे गेल्या, मांजराशी काहीतरी करत बसल्या. मी सुई ओवत राहिले. काही गोष्टी विचारायच्या नसतात.

एकदा जागा पुरेना म्हणून मी चार कागद त्या रिकाम्या कप्प्यात ठेवले. त्या भडकल्या. तोवर मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. म्हणाल्या, "जागा रिकामी आहे म्हणून तिथं कोणालाही बसवायचं नाही, पुष्पा. रिकामी आहे तर रिकामी दिसू दे." मी कागद काढून घेतले. पण काही शिकले नाही. शिकले असते तर पुढचं झालं नसतं.

तीनचार वर्षांपूर्वीची श्रावणातली गोष्ट. टीचर सत्याहत्तर वर्षांच्या, गुडघा सुजलेला, तरी मला घेऊन रिक्षानं निघाल्या. एका दिवसात तीन ठिकाणी रानमुगाची वेल मिळाली. एक मिठागराच्या बांधावर, एक गोखिवऱ्याला भाताच्या शेताच्या कडेला, आणि एक आपल्या पापडीतच, एका पडीक विहिरीपाशी. तिन्ही दिसायला सारख्या, जमिनीला चिकटून पसरलेल्या. टीचर तोडत होत्या, मी घडीत घालत होते. आकडे त्यांनीच घातले. एकवीस, बावीस, तेवीस.

दोन दिवसांनी कागद बदलताना भिंगातून बघितलं तर त्यातली एक वेगळी. दोघींच्या शेंगा केसाळ, वाळून काळ्या पडत चाललेल्या. हिची नितळ, चपटी, आणि पान मधूनच खोल कापलेलं. टीचर कितीतरी वेळ बघत राहिल्या. अजयला फोन लावला, शेंगेवर बोट फिरवत फिरवत त्याला वर्णन सांगितलं. तो म्हणाला, टीचर, अशी आपल्याकडे नोंदलेली माझ्या माहितीत नाही, पण वाळक्या फांदीवर भागणार नाही, त्याच जागेवरून ताजी वेल हवी, फुलासकट. टीचरनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून हसल्या. एवढ्या वर्षांत गावाच्या मातीतून त्यांनी कोणाला माहीत नसलेलं काही काढलं नव्हतं, सगळं आधीच कोणीतरी लिहून ठेवलेलं. ही पहिली. त्यांना मोनिकाकडे जायचं होतं, गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ ठरलेली. म्हणाल्या, घाई नको, परत आल्यावर वही आणि आकडा जुळवून बघू, मग त्या जागेवर जाऊ. कोपऱ्यावरचा आकडा तेव्हा दोघींपैकी कोणीच बघितला नाही. वही त्यांच्या पर्समध्ये गेली. झाडं माझ्या भरवशावर राहिली.

दुसऱ्याच सकाळी गल्लीत पावसाचं पाणी भरलं. आमच्याकडे भरतं ते सांगायला नको. पण टीचरच्या घरात उंबऱ्याच्या आत त्याआधी कधी आलं नव्हतं. मी साडी खोचून धावले. जाळ्या खाली जमिनीवर होत्या, अर्ध्या पाण्यात. उचलल्या, घरी आणल्या, पलंगावर उघडल्या. कागदांचा नुसता लगदा. मी एकेक झाड दोन बोटांनी सोडवलं, कोरड्या कागदात ठेवलं, वर माझी इस्त्री कोमट करून फिरवली. नऊ झाडं होती. एकाचंही पान गळू दिलं नाही. तो लगदा गोळा करून पाण्यात टाकला, वाहून गेला. एव्हरशाईनहून तीन दिवस कोणाला बाहेर पडता येत नव्हतं. मी फोनवर टीचरना सांगितलं, एकही झाड गेलं नाही. त्या पलीकडून म्हणाल्या, "पुष्पा, देवानं तुझे हात फुरसतीनं केलेत." मला इतका आनंद झाला, इतका, की आता आठवलं तरी माझा मलाच राग येतो.

चौथ्या दिवशी टीचर आल्या. ओले बूट दारात काढले, बसल्यासुद्धा नाहीत. पहिली घडी उघडली, झाडाला बोट लावलं, मान डोलावली. मग कोपरा शोधला. दुसरी घडी. तिसरी. मी तोवर समजले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "कोपरे कुठे ठेवलेस?"

मी सांगितलं, लगद्याबरोबर पाण्यात वाहून गेले.

बाकीची सहा झाडं ओळखीची होती, एकेका जागेची, ती त्यांनी आठवून लावली. प्रश्न त्या तीन वेलींचा. तोडताना त्यांना तिन्ही सारख्याच वाटल्या होत्या, त्यामुळे त्यांनाही आठवेना. त्या म्हणाल्या, "तू घडीत घालत होतीस. ही नितळ शेंगेची कुठली, आठवतंय का?"

मला आठवत नव्हतं. पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता. आणि मनाच्या एका कोपऱ्यात मिठागराचा वारा होता, वेल हातात फडफडत होती, असं काहीतरी. मी म्हटलं, "मिठागराच्या बांधावरची."

"खात्रीनं?"

"हो, टीचर."

त्यांनी पेन्सिलीनं चिठ्ठी लिहिली. माझ्यावर त्यांचा इतका विश्वास.

त्यानंतर ती म्हातारी मिठागराच्या बांधावर किती फेऱ्या मारत राहिली, याचा हिशेब मला नको वाटतो. त्या पावसाळ्यात, थंडीत, पुढच्या पावसाळ्यात. मी बरोबर असायचे, छत्री धरून. त्या काठीनं गवत बाजूला करायच्या, वाकायच्या, कमरेला हात लावून उभ्या राहायच्या. रानमूग दिसायचा, केसाळ शेंगेचा. ती नाही. दर वेळी मला वाटायचं, आज सांगावं. एकदा मी चेष्टेच्या आवाजात म्हटलंही, तुमच्यात बरं आहे टीचर, फादरना जाऊन सांगितलं की माणूस सुटला. त्या म्हणाल्या, "सुटत नाही गं. फक्त सांगून होतं." मी छत्री त्यांच्या डोक्यावर सरकवली.

मिठागरावर काशिनाथ म्हणून एक राखणदार होता. तो आम्हाला ओळखायला लागला होता. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी तो म्हणाला, "बाय, किती फेऱ्या मारशील? तुझं सोनं हरवलंय काय हितं? पानी उतरलं, आता काय नाय भेटनार." टीचरनी त्याला शेंगेचं चित्र दाखवलं. त्यानं ते उलटसुलट करून बघितलं. "असलं मी हितं कवा बघितलं नाय. भाताच्या शेतांकडं बघा. पन ती तरी कुठं ऱ्हायलीत? गोखिवऱ्याला भरनी चालू हाय, डंपर लागलेत."

टीचर "बरं" म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या. मी बाजूला बसले. नाक्यापर्यंत कशीबशी गेले आणि सांगितलं. मला आठवत नव्हतं, टीचर. मी अंदाजानं म्हटलं होतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. रिक्षावाल्याला म्हणाल्या, गोखिवऱ्याला घ्या.

शेत नव्हतं. माणसाच्या उंचीइतका मुरूम टाकलेला, वरून रोलर फिरवलेला, एका बाजूला गाळ्यांचे पाये उभे राहिलेले. टीचर त्या भरावाच्या कडेशी जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही तिथं वर्षापूर्वी आलो असतो तर शेत होतं. त्यांनी हे म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, "'माहीत नाही' म्हणायला किती वेळ लागतो, पुष्पा?"

मी रडत त्यांचे हात धरले. मला माफ करा म्हटलं. त्यांनी हात सोडवून घेतले, हळूच, झाड सोडवावं तसे. म्हणाल्या, "माझ्याकडे काय मागतेस? जागा माझी नव्हती."

पुढच्या दिवशी त्या एकट्याच पापडीतल्या त्या पडीक विहिरीपाशी जाऊन आल्या म्हणे. तिथं गवत साफ करून गाड्या लावायची जागा केली होती. मग मला त्यांनी दुपारी बोलावणं बंद केलं. मी दोनदा गेले, तर दारातून म्हणाल्या, आज काम नाही. काम होतं. नंतर अजयनं कपाटं उघडली तेव्हा मी बघितलं, त्या दिवसांतले अकरा कागद त्यांनी स्वतः शिवले होते, कापऱ्या हातांनी. टाके वाकडे, कुठे दोरा सुटलेला, एका कागदावर रक्ताचा थेंब. पण एकही झाड ओढलं गेलेलं नव्हतं.

नाताळाच्या सुमारास त्यांना धाप लागायला लागली. मोनिका त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. फेब्रुवारीत तिचा फोन आला, आँटी तुम्हाला बोलावतायत, येताना तो कागद घेऊन या म्हणतात, तुम्हाला कळेल कुठला. घराची किल्ली माझ्याकडेच होती, ती त्यांनी कधी परत मागितली नव्हती. मी कागद घेतला, आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून वाडीतल्या मांडवावरच्या वालाच्या शेंगा तोडून वर्तमानपत्रात बांधल्या.

तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी त्यांचा पलंग. पलंगावर त्या एवढ्याशा. गळ्यात माळ आणि भिंग, गुंता तसाच. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. म्हणाल्या, चिठ्ठी काढ. मी मिठागराची चिठ्ठी कागदावरून सोडवली. मग म्हणाल्या, "आता तू लिही." चिठ्ठ्या त्यांच्याशिवाय कोणी लिहीत नसे, माझं अक्षर हे असं, सातवीतलं. मी म्हटलं, टीचर, काय लिहू? त्या म्हणाल्या, "जे खरं ते."

मी लिहिलं. नाव, आणि त्यापुढे मोकळी जागा. तोडणारी, रेजिना. शिवणारी, पुष्पा. ठिकाण, वसई तालुका. नेमकी जागा माहीत नाही. त्यांनी वाचलं. म्हणाल्या, "हे पुण्याला जाऊ दे. कोणाला तरी कळेल की इथं कुठंतरी होती." मी विचारलं, काशिनाथ म्हणाला तशी गोखिवऱ्याचीच असणार, तसं लिहू का? त्यांनी मान हलवली. "दुसरीकडे सापडली नाही म्हणजे तिथली, असं नाही होत." थोडा श्वास घेतला. "रिकामी आहे तर रिकामी दिसू दे."

चार दिवसांनी त्या गेल्या. चर्चमध्ये त्यांचे सगळे विद्यार्थी, नाक्यावरचे टगे पुढे होऊन पेटी उचलायला. अजय कपाटं पुण्याला घेऊन गेला, सहाव्या घराच्या रिकाम्या कप्प्यासकट, चिठ्ठीसकट. घराचं आता काय होणार, ते मोनिका ठरवेल. महिन्यानं ती भेटली तेव्हा बोलता बोलता म्हणाली, काकू, आँटीच्या मुठीत शेवटपर्यंत एक कागदाचा कपटा होता, सोडायलाच तयार नव्हत्या, नंतर आंघोळ घालताना काढला. वर शेंगा, विहीर असं काहीतरी पेन्सिलीनं होतं. भाजीचा कागद असेल म्हणून टाकून दिला. मी म्हटलं, हो, भाजीचाच होता. तिला कुठे माहीत होतं? मलाही त्या दिवशी पाण्यात कुठे सुचलं होतं?

त्या दुपारी चिठ्ठी झाल्यावर मी शेंगांचा पुडा सोडून त्यांच्या उशाशी ठेवला होता. त्यांनी एक शेंग कानाशी नेऊन हलवली. कोवळी होती, वाजली नाही. मग बोटानं वर्तमानपत्राकडे दाखवत म्हणाल्या, "कोपरा फाड. कुठल्या आहेत या?"

"आमच्या वाडीतल्या. विहिरीजवळच्या मांडवावरच्या."

"खात्रीनं?"

"मी स्वतः तोडल्यात, टीचर. सकाळी."

"मग लिही."

मी कोपरा फाडला, लिहिलं, त्यांच्या हातात दिला. खाली आवारातल्या पर्जन्यवृक्षाची पानं मिटायला लागली होती. मी पिशवी उचलली. दारापर्यंत पोचले असेन, मागून त्यांचा आवाज आला, शाळेतल्यासारखा.

"पुष्पा, तारीख राहिली."

मी परत फिरले, तारीख घातली. त्यांनी तो कोपरा भिंगाखाली धरला, ओठ हलवत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि मूठ मिटली.